खातेदार आणि सोयरे

कायदा समाजाच्या मागून रखडत येतो, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. समाजशास्त्राच्या वर्गात हेच म्हणणे जरा भारदस्त रूपात शिकवावे लागते. विल्यम ऑगबर्न या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९२२ साली असे मांडले की, यंत्रे आणि साधने आधी बदलतात, रूढी, संस्था आणि कायदे मागाहून बदलतात, आणि या दोहोंमधल्या अंतरात समाजाची ओढाताण होते. कारखान्यातल्या यंत्रांनी कामगारांचे हातपाय तुटू लागल्यावरही नुकसानभरपाईचा कायदा यायला कित्येक दशके लागली, हे त्यांनी दिलेले उदाहरण आजही पाठ्यपुस्तकांत असते. कराडच्या बाजूला एका महाविद्यालयात मी हा सिद्धांत बरीच वर्षे शिकवला. परीक्षेच्या दृष्टीने तो मोठा सोयीचा, कारण आठ गुणांच्या उत्तरात नेमका मावतो. पण माझ्या वर्गात पाटण आणि जावळी तालुक्यांतली मुले असत, ज्यांच्या आजोबांची घरे आणि भाताची खाचरे कोयनेच्या जलाशयाखाली गेली आहेत, आणि त्यांच्या घरची हकीकत काही केल्या त्या उत्तरात मावत नसे.

कारण कोयनेला कायदा मागे राहिलेला नव्हता. भूसंपादनाचा कायदा १८९४ चा आणि धरणाचे काम १९५० च्या दशकातले. म्हणजे यंत्रसामग्री खोऱ्यात पोहोचण्याच्या साठ वर्षे आधीपासून कायदा तयार होता. मुळशीला १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे सत्याग्रहाला बसले, तेव्हा त्यांच्यावर चालवलेले हत्यारही तेच होते. अधिसूचना, हरकती, मोजणी, निवाडा, रक्कम अदा, ताबा अशी त्याची सगळी पायरीवार रीत ठरलेली होती आणि बाजारभावावर सक्तीच्या संपादनाबद्दल शेकडा पंधरा अधिक द्यायचे, इथपर्यंत हिशेब बांधलेला होता. मागे राहिला तो दुसराच कायदा. विस्थापितांचे पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी आहे असे सांगणारा महाराष्ट्राचा कायदा १९७६ चा आहे, तेव्हा कोयनेचे लोक उठून दीड-दोन दशके होत आली होती आणि धरणावर वीज केव्हाच तयार होऊ लागली होती. एकाच धरणाच्या बाबतीत जमीन घेणारा कायदा साठ वर्षे पुढे आणि माणसे वसवणारा कायदा पंधरा-वीस वर्षे मागे, ही स्थिती ‘कायदा मागे राहतो’ एवढ्या विधानाने उलगडत नाही. कोणता कायदा पुढे धावतो, कोणता मागे राहतो आणि त्या कायद्याला समाजातले नेमके काय दिसते, हे विचारावे लागते. माझ्या मते हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत नेटाने ज्यांच्या कामातून पुढे येतो त्या इरावती कर्वे आहेत, आणि गंमत अशी की त्या स्वतःला कायद्याच्या अभ्यासक मुळीच म्हणवत नव्हत्या.

इरावतीबाईंची ओळख मराठी वाचकाला ललित लेखनामुळे आणि महाभारतावरील लेखांमुळे आहे, त्यामुळे प्राध्यापक इरावतीबाई जरा झाकल्या गेल्या आहेत. १९०५ मध्ये ब्रह्मदेशात जन्म, तिथल्या नदीवरून ठेवलेले नाव, पुण्यात शिक्षण, मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र आणि मग बर्लिनला मानववंशशास्त्र, असा त्यांचा प्रवास. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाच्या विचारातले होते. कवटीच्या दोन बाजूंमधला फरक वंशानुसार बदलतो, अशी त्यांची अटकळ होती आणि ती तपासण्याचे काम या विद्यार्थिनीकडे आले. बाईंनी कवट्या मोजल्या, असा संबंध दिसत नाही असा निष्कर्ष लिहिला आणि त्यावर पदवी घेऊन परत आल्या. पुढे १९३९ पासून अखेरपर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी समाजशास्त्र आणि मानवशास्त्राचा विभाग सांभाळला. मोजल्याशिवाय बोलायचे नाही आणि मोजल्यावर कोणाच्या भिडेने बोलणे बदलायचे नाही, ही त्यांची शिस्त तिथल्या प्रत्येक पाहणीत दिसते.

त्यांचा भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरचा ग्रंथ १९५३ मध्ये आला आणि दोन वर्षांनी हिंदू विवाह कायदा झाला. दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. इरावतीबाईंनी देशाचे नातेसंबंधांच्या दृष्टीने पट्टे पाडले. उत्तरेत मुलगी शक्यतो अनोळखी, दूरच्या घरात द्यायची, तर दक्षिणेत नात्यातच द्यायची रीत; महाराष्ट्र मधला, दोन्हीकडचा अंश असलेला. आपल्याकडे मामाची मुलगी करणे अनेक जातींत चालते, किंबहुना हक्काचे मानले जाते, पण आत्याची मुलगी सून म्हणून आणायला नको म्हणतात, कारण दिलेल्या मुलीची वेल माघारी आणू नये असा समज. आता १९५५ चा कायदा पाहा. भावाची आणि बहिणीची मुले त्यात निषिद्ध नात्यात मोडतात, म्हणजे मामाची मुलगी आणि आत्याची मुलगी कायद्याच्या दृष्टीने एकाच रांगेत बसतात. सपिंडाची, म्हणजे ज्यांच्यात लग्न होऊ नये अशा रक्ताच्या नात्याची, मोजणी पित्याकडून पाच पिढ्या आणि मातेकडून तीन. मात्र दोन्हीकडच्या रूढीने परवानगी असेल तर हे निर्बंध लागू नाहीत, अशी सवलत ठेवली आहे, आणि ती सवलत नसती तर सातारा, सोलापूर, कोल्हापूर भागांतली हजारो लग्ने एका रात्रीत वादात सापडली असती.

पण सवलत ठेवली म्हणजे कायद्याने रूढीला जसेच्या तसे स्वीकारले, असे होत नाही. रूढी दीर्घकाळ, अखंडपणे आणि एकसारखी पाळली गेलेली असावी, निश्चित असावी, अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध नसावी, अशा अटी त्याच कायद्यात आहेत. गावात रूढी कधीच इतकी इस्त्री केलेली नसते. एका भावकीत चालते ते शेजारच्या भावकीत चालत नाही, थोरल्याच्या लग्नात पाळले ते धाकट्याच्या वेळी सोडून दिले जाते, आणि ‘आमच्यात चालते’ या वाक्यातला ‘आम्ही’ बोलणाऱ्यागणिक लहानमोठा होतो. इरावतीबाईंनी हा ‘आम्ही’ घरोघर जाऊन मोजला. न्यायालयाला रूढी पुराव्यासाठी लागते; त्यांना ती माणसे एकमेकांशी कशी जोडलेली आहेत हे कळण्यासाठी लागत होती.

या सवयीने त्या कोयनेकडे वळल्या. धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासोबत केली आणि ती १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली, म्हणजे पुनर्वसनाचा कायदा होण्याच्या सात वर्षे आधी. त्या काळात मोठ्या धरणांविषयी लिहिणारे बहुतेक लोक घनफूट आणि किलोवॉट मोजत होते. कोयनेचे मोजण्यासारखे होतेही पुष्कळ: शंभर मीटरहून उंच भिंत, पूर्वेकडे वाहणारे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावरून खाली पोफळीकडे सोडून केलेली वीज, आणि पुढे चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये जलाशयाच्या तळाला भोक पाडण्याचा, लेक टॅपिंगचा, देशातला पहिला प्रयोग. पाण्याखाली सुमारे शंभर गावे गेली किंवा बाधित झाली. उठलेल्यांपैकी काही जण सातारा, सांगली, सोलापूरच्या सपाटीवर गेले, काही घाट उतरून रायगड आणि ठाणे जिल्ह्यांत, आणि बरेच जण पाणी चढेल तसे वर सरकत शिवसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या, काठावरच राहिले. या लोकांचे पुढे काय झाले हे त्यांच्याकडे जाऊन विचारावे, ही कल्पना तेव्हा कोणत्याही खात्याच्या कामकाजाचा भाग नव्हती. (जमिनीखालची विचारपूस मात्र आजही मनापासून चालते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानंतर कोयनेचा परिसर जगभरच्या भूकंपशास्त्रज्ञांना पाठ झाला, आणि आता तर गोठणे इथे तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडकाची नाडी पाहण्यात आली आहे. वरच्या माणसांची इतकी खोल तपासणी झालेली मला तरी आठवत नाही.)

आता भूसंपादनाच्या कायद्याला गाव कसे दिसते ते जवळून पाहू. माझ्या एका विद्यार्थ्याने घरातली जुनी कागदपत्रे वर्गात आणली होती. त्यात घडीच्या रेषांवर विरलेला सातबारा उतारा होता. कब्जेदाराच्या रकान्यात त्याच्या थोरल्या चुलत आजोबांचे नाव आणि त्यापुढे तीन अक्षरे: ए. कु. क. एकत्र कुटुंब कर्ता. त्या तीन अक्षरांच्या मागे पाच भाऊ होते, त्यांतले दोघे मुंबईला गिरणीत, एक माथाडी कामाला. एक विधवा बहीण होती, जी माहेरी राहून नाचणीचा डोंगरउताराचा तुकडा कसत होती. आणि या सगळ्यांची मुले. घरातल्या घरात प्रत्येकाचे खाचर ठरलेले होते, गणपतीला मुंबईहून येणाऱ्याच्या वाट्याचे तांदूळ बाजूला काढले जात होते, आणि त्यात कुणालाही अडचण वाटत नव्हती, कारण हिशेब नात्यात होता. निवाडा मात्र रकान्यातल्या नावाने झाला. रक्कम एका माणसाच्या हातात आली, आणि जे पाच घरांनी मिळून भोगले होते ते पुन्हा पाच ठिकाणी वाटायचे काम त्या एका माणसाच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोपवले गेले. विद्यार्थ्याच्या घरात त्यावरून जे भांडण लागले ते त्याच्या बापाच्या पिढीपर्यंत चालले. पुढे धरणग्रस्तांची सरकारी नोंदवही म्हणजे संकलन रजिस्टर झाले, धरणग्रस्तांचे दाखले निघाले, नोकरीत प्रकल्पग्रस्तांसाठी पाच टक्के जागा राखीव झाल्या, आणि दाखला कोणत्या भावाच्या कोणत्या पोराच्या नावावर करायचा, यावर तेच भांडण पुन्हा नव्या पिढीत उभे राहिले.

यात कुणा अधिकाऱ्याची दुष्टबुद्धी शोधण्यात अर्थ नाही. सातबाऱ्यावर जे होते त्याप्रमाणे त्यांनी केले. अडचण अशी की महसुली कागद सारा वसूल करण्यासाठी जन्माला आला. साऱ्यासाठी एक नाव पुरते, आणि पुढे त्याच एका नावावर घर उठवण्याचा व्यवहार केला गेला. ज्यांचे नाव मुळातच कोठे नव्हते त्यांची गोष्ट तर आणखी पुढची. गावचा कुंभार, न्हावी, सुतार यांचे पोट गावातल्या बलुत्यावर, म्हणजे सुगीला खळ्यावर मिळणाऱ्या धान्यावर होते. गाव पाच दिशांना पांगल्यावर त्यांचे बलुते कोणी द्यायचे? बाजारभाव जमिनीचा काढता येतो, बलुत्याचा काढायची तरतूद नव्हती. आणि ज्या काळात संपादन चालू होते त्याच काळात कूळकायदा कसणाऱ्याला मालक करत होता. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, म्हणजे कूळ कसत्या जमिनीचा मालक मानला जाण्याचा दिवस. ज्याचे कूळ म्हणून नाव लागलेले नव्हते त्याच्या बाबतीत एका कायद्याने दिलेला हक्क हातात येण्याआधीच दुसऱ्या कायद्याने जमीन काढून घेतलेली असे.

आणि या सगळ्यापलीकडे सोयरीक. एका विद्यार्थिनीची आजी आमच्या वर्गाने केलेल्या पाहणीच्या वेळी भेटली. तिला आम्ही विचारले, जमीन किती गेली? ती म्हणाली, “जमिनीचं सांगतील माझे दीर. मला इचारशीला तर माझी थोरली लेक पल्याडच्या गावात दिल्याली, सकाळी न्याहारी घेऊन जायाची आन् दिस मावळायच्या आत घरी. पाणी आलं, ती वर चढली, आमी हिकडं आलो. मग लाँचला पैसं, यष्टीला पैसं. धाकटीला तिकडं दिलीच न्हाई.” शेवटच्या वाक्यात ज्याचा शोध इरावतीबाई घेत होत्या ते सगळे आहे. मुली देण्याघेण्याचा प्रदेश हा त्यांच्या अभ्यासाचा कणा. आठ-दहा मैलांच्या वर्तुळात पिढ्यान्‌पिढ्या विणलेले जाळे. जलाशयाने ते वर्तुळ मधोमध कापले आणि पुढच्या पिढीच्या लग्नांची दिशाच बदलून टाकली. तापोळा-बामणोलीच्या लाँचमधून पर्यटक ज्या विस्तीर्ण पाण्याचे फोटो काढतात, ते एका मोठ्या सोयरगोतामधले अंतर आहे. याची नुकसानभरपाई कशी द्यायची हे मलाही सांगता येणार नाही; परंतु गाव हलवायचेच असेल तर जी गावे एकमेकांत मुली देतात ती शेजारी शेजारी बसवावीत, एवढे कळण्यासाठी नातेसंबंधांचा एक नकाशा पुरे होता, आणि असे नकाशे काढण्याची विद्या पुण्यात उपलब्ध होती.

वर सरकून काठावर राहिलेल्यांची गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९८५ मध्ये कोयना अभयारण्य जाहीर झाले, २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. धरणाने ज्यांना डोंगरावर चढवले, त्यांना जंगलाच्या कायद्याने तिथे उपरे ठरवले. इथेही कायदा मागे नव्हता; वाघाच्या बाबतीत तो वाघाच्याही पुढे होता, असे आमच्याकडचे लोक तिरकसपणे म्हणतात.

इरावतीबाईंच्या कामाचा गौरव करताना त्यातली उणीवही सांगायला हवी. त्यांचा भर जोडणाऱ्या धाग्यांवर होता. त्या धाग्यांनी कोण बांधला जातो, कोणाचा गळा आवळला जातो, यावर त्या तुलनेने कमी बोलतात. जात म्हणजे वेगवेगळ्या गटांनी शेजारी राहून बनवलेली गोधडी, असे चित्र त्यांच्या लेखनातून उभे राहते, आणि त्यात महारवाड्याचे घर गावाबाहेर का, या प्रश्नाची धार बोथट होते. पुनर्वसित गावठाणांचे आराखडे पाहिले की हे विशेष जाणवते. नवी वसाहत कोऱ्या जमिनीवर आखली तरी अनेक ठिकाणी जुन्या वाड्या-वस्त्यांचीच रांग तिथे उमटली, आणि दलित वस्ती पुन्हा कडेलाच. नाती जपा, असा सल्ला देताना कोणती नाती मोडलेलीच बरी, हेही सांगावे लागते. ते काम बाईंच्या पद्धतीने करता येते, पण बाईंनी ते पुरेसे केले नाही.

त्यांच्या पद्धतीची खरी परीक्षा मला अलीकडच्या कायद्यांत दिसते, कारण आता कायद्यालाच कुटुंब म्हणजे काय याची व्याख्या करणे भाग पडले आहे. १८९४ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या आहे. तीत भूमिहीन, कूळ, शेतमजूर, कारागीर येतात; विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या स्त्रिया स्वतंत्र कुटुंब मानल्या जातात; सज्ञान व्यक्ती, मग ती पुरुष असो वा स्त्री, स्वतंत्र कुटुंब ठरते. नाचणीचा तुकडा कसणारी ती विधवा बहीण या व्याख्येत स्वतःच्या नावाने दिसली असती. वारसाहक्काच्या बाबतीतही तसेच. १९५६ च्या कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्शात वाटा दिला, महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना जन्मतः सहहिस्सेदार केले, २००५ मध्ये केंद्राने तो हक्क सर्व मुलींना दिला, आणि वडील तेव्हा हयात नसले तरी हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. योगायोग असा की इरावतीबाईंच्या निधनाला बरोबर त्याच दिवशी पन्नास वर्षे पुरी होत होती.

या हक्काचे तलाठी कार्यालयात काय होते ते पाहायला मात्र पुन्हा नात्यांकडेच यावे लागते. वारसनोंदीसाठी वंशावळ जोडावी लागते. मानवशास्त्रज्ञ गावात गेल्यावर पहिली गोष्ट हीच मागतो, आणि दोघांच्या वंशावळी शेजारी ठेवल्या की फरक दिसतो: अभ्यासकाच्या कागदावर मुली, सुना, दत्तक, परतून आलेल्या बहिणी सगळ्या असतात, आणि प्रतिज्ञापत्रावरच्या झाडाला कित्येकदा मुलग्यांच्याच फांद्या फुटतात. आता मुलींची नावे पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त लागतात, हे खरे. ती लागली की काही महिन्यांत हक्कसोडपत्र होते. बहिणी गाडी करून येतात, सह्या करतात, भाऊ साडीचोळी करतो, आणि दुपारी सगळे एकत्र जेवून जातात. यातली एखादी बहीण दबावाखाली सही करते, एखादी मनापासून करते, आणि बहुतेक जणी अशा हिशेबाने करतात की उद्या नवऱ्याकडे काही बिनसले तर माहेरचे दार उघडे राहावे. कायद्याने दिलेला हिस्सा देऊन त्या नात्यातला विमा विकत घेतात, आणि तो किती कामाला येईल याची हमी कोणताही निबंधक देत नाही.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता मोबाइलवर मिळतो. मयत खातेदारांची नावे काढून वारसांची लावण्याची ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम शासनाने २०२५ मध्ये राज्यभर घेतली. संगणकाला रकाना रिकामा चालत नाही, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तीन अक्षरांमागे झाकलेली माणसे एकेक करून नावानिशी पुढे येत आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे तंटेही. म्हणून सध्या माझ्या जुन्या विभागातल्या मुलांना मी एक काम सुचवले आहे. पुनर्वसित वसाहतीतले एक घर घ्यायचे, धरणाआधीचा उतारा आणि आजचा उतारा मिळवायचा, आणि तिसऱ्या कागदावर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारून वंशावळ काढायची, तीत लेकी कोणत्या गावी दिल्या ते गावांच्या नावांसह. पहिल्या खेपेला जी घरे झाली त्यांत तिसरा कागद सगळ्यांत मोठा लागला, आणि दोन घरांत तो काढत असतानाच पुरुषमंडळींनी आम्हाला चहा देऊन वाटेला लावले. सोलापूर जिल्ह्यातल्या वसाहती अजून राहिल्या आहेत. दिवाळीनंतर मुले तिकडे जातील.